एका घणात चौपटच: धक्क्याखाली हायड्रोजन कसा वागतो

हायड्रोजनला कितीही जोरात दणका द्या, एका दणक्यात तो मूळच्या चौपटीच्या फारसा पुढे दाबला जात नाही. दणका दुप्पट करा, दहापट करा, दाब वाढत जाईल, तापमान वाढत जाईल, घनता मात्र चार-साडेचारपटीशी येऊन अडेल. वर्गात हे पहिल्यांदा फळ्यावर लिहिलं, तेव्हा मागच्या बाकावरून प्रश्न आला होता, "मॅडम, मग बाकीचा जोर जातो कुठं?" त्या मुलाला तेव्हा मी घाईघाईत काहीतरी उत्तर दिलं. नीट उत्तर द्यायचं राहून गेलं, ते आज देते आहे.

माझ्या मामांचं कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात छोटं वर्कशॉप आहे. लिहायला बसण्याआधी मी तिथं जाऊन आले. मामांनी दहा मिलिमीटरची साधी लोखंडी सळई घेतली, थंडगार. ऐरणीवर आडवी धरली आणि हाताखालच्या पोराला म्हणाले, "घाल." घणाचे आठ-दहा ठोके सलग पडले. टोक चपटं झालं, कडेला बारीक चिरा गेल्या. सळई माझ्यापुढं धरून मामा म्हणाले, "लाव बघू बोट." भट्टी पेटलेलीच नव्हती, तरी त्या टोकाला बोट टेकवत नव्हतं. मग तशाच दुसऱ्या सळईचं टोक त्यांनी प्रेसखाली सावकाश, दोन-तीन मिनिटं घेत दाबलं. चपटं जवळपास तेवढंच झालं, हाताला मात्र जेमतेम कोमट लागलं.

"माल तोच, चपटं बी तेवढंच. मग एक तापलं आणि एक न्हाई, असं का? सांग की, तू शिकलेली हायस."

प्रेसखाली उष्णतेला आजूबाजूच्या लोखंडात पळून जायला वेळ मिळाला. घणाखाली तो मिळाला नाही. हायड्रोजन दाबण्याच्याही अशाच दोन वाटा आहेत. एकीत दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये हायड्रोजनचा अगदी बारीकसा कण धरून स्क्रू आवळत जायचं. तासन् तास घ्या, दिवस घ्या, उष्णता निघून जाते आणि नमुना थंड राहतो. दुसरी वाट घणाची. तिथं सगळा खेळ सेकंदाच्या काही अब्जांश भागांत संपतो, आणि आत शिरलेली उष्णता आतच राहते. मला सांगायचं आहे ते या दुसऱ्या वाटेबद्दल.

आधी दाबायचं काय, ते पाहू. हायड्रोजनच्या अणूत एक प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन. केंद्रात प्रोटॉनसोबत एक न्यूट्रॉन आला की तो ड्युटेरियम, दोन आले की ट्रिटियम. ड्युटेरियमचा शोध हॅरल्ड युरी यांनी १९३१ मध्ये लावला आणि १९३४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. ड्युटेरियम ही काही दूरदेशीची वस्तू नाही. निसर्गातल्या पाण्यात साधारण साडेसहा हजार हायड्रोजन अणूंमागे एक अणू ड्युटेरियमचा असतो. पंचगंगेतून भरलेल्या एक लिटर पाण्यात त्याचं वजन तीसेक मिलिग्रॅम भरेल. हे वेचून जड पाणी करायचा मोठा कारखाना आपल्याच राज्यात, अलिबागजवळ थळला आहे. ट्रिटियमची गोष्ट वेगळी. तो किरणोत्सारी आहे, सव्वाबारा वर्षांत निम्मा उरतो, त्यामुळे निसर्गात त्याचा साठा होत नाही. तो अणुभट्टीत तयार करावा लागतो.

प्रयोगासाठी हायड्रोजन उणे २५३ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून द्रव केला जातो. त्याचं एक लिटर वजनाला फक्त ७१ ग्रॅम भरतं. ड्युटेरियमचा रेणू वजनाला दुप्पट, तेव्हा त्याचं लिटर १४२ ग्रॅम यायला हवं. येतं १७० च्या आसपास. हे जादाचे ग्रॅम कुठून आले? कितीही थंड केला तरी रेणू पूर्ण स्थिर होत नाही, क्वांटम नियमांमुळे थोडा थरथरत राहतोच. हलका रेणू जास्त थरथरतो आणि शेजाऱ्याला लांब ठेवतो. ड्युटेरियम जड, म्हणून कमी थरथरतो, दाटीनं बसतो. ही गोष्ट लक्षात असू द्या, पुढं तिच्याकडे परत यायचं आहे.

आता धक्का म्हणजे काय, ते. हवेत किंवा द्रवात आपण एखादी गोष्ट हळू ढकलली, तर आवाजाच्या लहरी पुढं जाऊन पुढच्या थराला खबर देतात आणि तो थर बाजूला सरकायला लागतो. आवाजापेक्षा जास्त वेगानं ढकललं तर खबर पोचायच्या आत ढकलणाराच पोचतो. पुढचा थर बेसावध असतो. दाबलेला भाग आणि न दाबलेला भाग यांच्यामध्ये एक पातळ, धारदार सीमा तयार होते आणि ती सीमा पुढं धावते. तीच धक्कालहर.

नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनरांगेत ज्यांनी पाय दुखवून घेतले आहेत, त्यांना ही लहर वेगळी समजावावी लागत नाही. समजा रांग चालती आहे. दर चार फुटांत एक माणूस, वेग सेकंदाला तीन फूट. पुढं स्वयंसेवकानं दोरी आडवी धरली. पहिला थांबला. त्याच्या मागचा तीन फूट पुढं येऊन एका फुटावर उभा राहिला, त्याला लागला एक सेकंद. पुढच्या सेकंदाला तिसरा तसाच थांबला. म्हणजे थांबण्याची लहर दर सेकंदाला एक फूट मागं सरकते आहे. पण चालत येणाऱ्या माणसाच्या नजरेनं पाहा. तो स्वतः तीन फुटांच्या वेगानं लहरीकडे येतो आहे, लहर एक फुटाच्या वेगानं त्याच्याकडे येते आहे, तेव्हा त्याला ती चार फुटांच्या वेगानं अंगावर येताना दिसते.

म्हणजे इथं दोन वेग झाले. लहरीचा चार, माणसाच्या वेगात पडलेला फरक तीन. लहरीच्या वेगाला दोन्हींच्या वजाबाकीनं भागा: चार भागिले एक, उत्तर चार. आणि रांग किती दाटली? आधी चार फुटांत एक जण होता, आता एका फुटात एक. चौपट. माणसं हरवलेली नाहीत, नवी आलेली नाहीत, एवढ्या एका अटीवर हे गणित उभं आहे. हायड्रोजनच्या रेणूंनाही तीच अट लागू होते. वस्तुमान, संवेग आणि ऊर्जा या तिघांचा असा जमाखर्च १८७० मध्ये स्कॉटलंडच्या रँकिन यांनी आणि १८८७ मध्ये फ्रान्सच्या ह्यूगोनिओ यांनी मांडला. एका धक्क्यात पदार्थ कुठकुठं पोचू शकतो, ते दाखवणाऱ्या रेषेला आजही ह्यूगोनिओ रेषा म्हणतात.

आता मागच्या बाकावरच्या मुलाचा प्रश्न. जोर जातो कुठं?

धक्का देताना केलेल्या कामाची वाटणी ठरलेली असते: निम्मं काम पदार्थाला पुढं ढकलण्यात, म्हणजे गतीत जातं, आणि निम्मं त्याच्या आत शिरतं. सुरुवातीचा दाब नगण्य असेल तर हे निम्मं-निम्मं अगदी तंतोतंत येतं. समोर हायड्रोजन असो, लोखंड असो की गुळाची ढेप, वाटणी तीच. मला स्वतःला हा निकाल पहिल्यांदा वहीवर सोडवला तेव्हा विश्वास बसला नव्हता, तीनदा तपासून पाहिला.

आत शिरलेल्या या निम्म्या ऊर्जेचं काय होतं? ती खात्यांत वाटली जाते. मोकळा अणू तीनच प्रकारे हलू शकतो: पुढंमागं, डावीउजवीकडे, वरखाली. तीन खाती. दाब जो निर्माण होतो तो या धावपळीतूनच. अशा मोकळ्या अणूंच्या आतली ऊर्जा म्हणजे दाब आणि आकारमान यांच्या गुणाकाराची दीडपट. आणि धक्क्याच्या हिशोबाप्रमाणे आत शिरलेली ऊर्जा म्हणजे दाब आणि आकारमानातली घट यांच्या गुणाकाराची निम्मी. दोन्ही एकच रक्कम आहे, तेव्हा समोरासमोर मांडा. दाब दोन्ही बाजूंना आहे, तो कटून जातो. उरतं ते असं: आत्ताच्या आकारमानाची तिप्पट म्हणजे झालेली घट. तिप्पट घटलं, एक उरलं, म्हणजे सुरुवातीला चार होतं. चौपट.

इथं क्षणभर थांबा, कारण सगळं रहस्य दाब कटण्यात आहे. उत्तरात दाब राहिलाच नाही. तुम्ही जोर वाढवलात की दाबणारा हात जितका बलवान होतो, तितकाच आतला तापलेला वायू बाहेर रेटायला बलवान होतो. धक्का स्वतःच आपला विरोधक तयार करतो. बाकीचा जोर जातो तो इथं, तापण्यात.

मग सगळ्या पदार्थांना चौपटच का? खात्यांची संख्या बदलली की उत्तर बदलतं. दोन अणूंचा रेणू फिरूही शकतो, त्याची दोन खाती वाढतात, मर्यादा सहापट होते. अणू स्प्रिंगसारखे आत-बाहेर कंप पावू लागले की आणखी दोन खाती, मर्यादा आठपट. खाती जितकी, त्यात एक मिळवा, इतकं सोपं आहे ते. जी ऊर्जा फिरण्यात आणि कंपनात गेली ती बाहेर रेटायला उपयोगी पडत नाही, म्हणून पदार्थ जास्त दाबला जातो.

हायड्रोजनची गंमत आणि डोकेदुखी दोन्ही इथंच आहेत. त्याचा रेणू धक्क्याखाली रेणू म्हणून टिकत नाही. दोन अणूंची जोडी तोडायला साडेचार इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या पातळीवर ऊर्जा मोजायचं एकक) लागतात, आणि सुट्या अणूतून इलेक्ट्रॉन काढायला १३.६. हे खर्चाचं खातं आहे: तिथं गेलेली ऊर्जा रेणू फोडते, पण धावपळ वाढवत नाही. त्यामुळे जोड्या तुटत असतात त्या टप्प्यात हायड्रोजन चौपटीच्या पुढं दाबला जायला हवा, आणि तोडण्यासारखं काही उरलं नाही की पुन्हा चौपटीकडे परतायला हवा. दुसऱ्या बाजूला, एवढ्या दाटीत अणू एकमेकांना ढकलूही लागतात, आणि ते दाबाला विरोध करतं. दोघांच्या ओढाताणीत रेषा सर्वांत पुढं कुठवर जाईल? साडेचारपटीपर्यंत, की सहापटीपर्यंत?

या एका आकड्यावरून भौतिकशास्त्रात मोठा वाद झाला. १९९७ आणि १९९८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेनं नोव्हा या लेसरनं द्रव ड्युटेरियमवर धक्के दिले आणि बाजूनं क्ष-किरणांनी त्याची हालचाल टिपली. उत्तर आलं जवळजवळ सहापट, १०० गिगापास्कलच्या आसपास. १०० गिगापास्कल म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जवळपास दहा लाख पट. लॉस अलामोस या दुसऱ्या अमेरिकी प्रयोगशाळेची, हायड्रोजन किती दाबाला किती दाटतो ते सांगणारी १९७० च्या दशकातली कोष्टकं मात्र साडेचारपटीच्या आतच थांबत होती. २००१ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या सँडिया प्रयोगशाळेच्या झेड यंत्रानं वेगळी रीत वापरली. काही कोटी अँपियरचा प्रवाह क्षणभर सोडून, त्याच्या चुंबकीय दाबानं ॲल्युमिनियमची पातळ पट्टी सेकंदाला सुमारे २० किलोमीटर वेगानं फेकायची आणि ड्युटेरियमच्या कुपीवर आदळवायची. हा वेग म्हणजे एका सेकंदात कोल्हापूरहून पन्हाळ्याला. या प्रयोगांत उत्तर आलं ४.३ पटीच्या आसपास. पाठोपाठ रशियात स्फोटकांच्या अर्धगोलाकार रचनेनं केलेल्या प्रयोगांतूनही तसंच आलं.

एवढी मोठी तफावत कशी पडते? रांगेचं गणित परत काढा. समजा लहरीचा वेग सेकंदाला २६ किलोमीटर मोजला आणि दाबलेल्या ड्युटेरियमचा वेग २० किलोमीटर. २६ भागिले ६, म्हणजे ४.३ पट. आता दुसरा वेग मोजताना फक्त दोन टक्क्यांची चूक झाली असं धरा, २० ऐवजी २०.४. भाजकात ६ ऐवजी ५.६ आले, उत्तर ४.६ पट. पाच टक्के चुकलं, २१ धरलं, तर ५.२ पट. मोठ्या दोन संख्यांची छोटी वजाबाकी भाजकात बसली आहे, आणि मोजमापातली बारीकशी चूक ती कैक पटींनी फुगवते. ज्यांनी मायक्रोमीटरनं शाफ्टचं माप घेतलं आहे ते समजतील: इथं सगळा व्यवहार केसाएवढ्या फरकांत आहे, आणि मोजायचा वेळ काही नॅनोसेकंदांचा.

शिवाय अशा प्रयोगांत दाबलेल्या ड्युटेरियमचा वेग बहुतेक वेळा थेट मोजता येत नाही. शेजारी एखादा ओळखीचा पदार्थ ठेवतात, ज्याची ह्यूगोनिओ रेषा आधी नीट माहीत आहे, आणि त्याच्यावरून काढतात. आधी ॲल्युमिनियम वापरायचे, मग क्वार्ट्झ आला. २००९ मध्ये झेड यंत्रावर क्वार्ट्झचीच रेषा नव्यानं काटेकोर मोजली गेली, आणि कळलं की वापरात असलेलं प्रमाण थोडं चुकीचं होतं. त्या दुरुस्तीनंतर क्वार्ट्झवर बेतलेले लेसरचे आकडेही खाली आले. आज बहुतेक प्रयोग आणि संगणकावरचं गणित साधारण ४.५ पटीच्या कमाल मर्यादेजवळ एकत्र येतात. काही वर्षं दोन मोठ्या प्रयोगशाळा वेगवेगळी उत्तरं देत होत्या, आणि शेवटी मोजपट्टीच तपासून पाहावी लागली. विज्ञान कसं चालतं हे मला विद्यार्थ्यांना दाखवायचं असतं, तेव्हा मी हीच गोष्ट सांगते.

हे वेग मोजतात कसे, तेही सांगण्याजोगं आहे. द्रव ड्युटेरियम पाण्यासारखा पारदर्शक असतो. त्यातून लेसरचा झोत सरळ आरपार जातो. धक्का पुरेसा जोरदार असला, साधारण ५० गिगापास्कलच्या पुढं, की धक्कालहरीची सीमा एकाएकी चकाकू लागते आणि झोत परतवते. जो द्रव क्षणापूर्वी दिसतही नव्हता, त्याच्या पोटात एक आरसा धावू लागतो. धावत्या आरशावरून परतणाऱ्या प्रकाशाची लहरलांबी किंचित बदलते, आणि त्या बदलावरून वेग कळतो. पोलिसांची स्पीडगन महामार्गावर गाडीचा वेग मोजते, त्याच तत्त्वावर.

आरसा झाला याचा अर्थ इलेक्ट्रॉन मोकळे झाले, म्हणजे हायड्रोजन धातूसारखा वागू लागला. दाबाखाली हायड्रोजन धातू होईल, हे विग्नर आणि हंटिंग्टन यांनी १९३५ मध्येच सांगितलं होतं. त्यांचा अंदाज २५ गिगापास्कलचा होता, प्रत्यक्षात कितीतरी जास्त दाब लागतो. १९९६ मध्ये लिव्हरमोरच्या वेअर, मिचेल आणि नेलिस यांनी द्रव हायड्रोजन नीलमच्या दोन चकत्यांमध्ये धरला आणि गॅस गननं त्यावर गोळा मारला. या बंदुकीत बारुदानं पिस्टन ढकलला जातो, पिस्टन एका नळीतला हायड्रोजन दाबतो, आणि तो दाबलेला हायड्रोजन पुढच्या अरुंद नळीतून गोळा उडवतो, सेकंदाला सात किलोमीटरच्या आसपास. धक्के संशोधनासाठी आपल्याकडेही मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्रात गॅस गन आहे.

त्या प्रयोगाची खरी युक्ती नीलमच्या चकत्यांत होती. धक्का एका चकतीवरून दुसरीवर आदळायचा, उलटायचा, परत आदळायचा. एका मोठ्या घणाऐवजी लहान लहान ठोक्यांची मालिका. प्रत्येक ठोका कमी तापवतो, आणि चौपटीची मर्यादा एका ठोक्याला आहे, मालिकेला नाही. हायड्रोजन नऊपट दाबला गेला, दाब १४० गिगापास्कल, तापमान सुमारे ३००० केल्विन, आणि त्याची वीजवाहकता वितळलेल्या धातूच्या जवळ जाऊन पोचली. एकाच धक्क्यात १०० गिगापास्कलला गेलं, तर तापमान सूर्याच्या पृष्ठभागाच्या कितीतरी वर चढतं. दोन वाटांनी एकाच दाबाला पोचलं तरी पदार्थ एकच राहत नाही, तो असा. पुढं २०१५ मध्ये झेड यंत्रावर आणि २०१८ मध्ये लिव्हरमोरच्या नव्या लेसरवर ड्युटेरियम याहून थंड ठेवून दाबलं गेलं. तेव्हा ते आधी काळं पडताना आणि मग चमकताना दिसलं. तो बदल नेमक्या किती दाबाला होतो, यावर दोन्ही गटांचे आकडे वेगळे आहेत.

एवढी मेहनत कशासाठी? एक उत्तर रात्री आकाशात दिसतं. गुरू हा ग्रह पृथ्वीच्या ३१८ पट वस्तुमानाचा आहे, बहुतेक हायड्रोजन आणि हेलियम. त्याच्या पोटात हायड्रोजन द्रव धातूच्या रूपात घुसळत असतो, आणि गुरूचं जबरदस्त चुंबकीय क्षेत्र तिथून येतं. २०१६ पासून अमेरिकेच्या जुनो यानानं त्याच्याभोवती फिरून गुरुत्वाकर्षण मोजलं आहे. पण त्या मोजमापावरून आत काय आहे हे काढायचं, तर अमुक दाबाला हायड्रोजन किती दाटतो, ते आधी माहीत हवं. तो आकडा पृथ्वीवरच्या या धक्क्यांतून येतो.

गुरूवर साधा हायड्रोजन आहे, आणि प्रयोग तर बहुतेक ड्युटेरियमवर झाले. हे चालतं कसं? इलेक्ट्रॉनला न्यूट्रॉनशी काही देणंघेणं नसतं. दाब, रासायनिक बंध, धातू होणं, ही सगळी कामं इलेक्ट्रॉनची आणि केंद्रावरच्या विद्युतभाराची. ठरावीक जागेत तितकेच अणू, तापमान तितकंच, तर दाबही जवळपास तितकाच. म्हणून ड्युटेरियमची घनता मोजायची आणि वस्तुमानाच्या हिशोबानं निम्मी करायची. ड्युटेरियम घ्यायचं कारण व्यवहारी आहे. तीच पट्टी, तोच वेग, पण समोरचा द्रव २.४ पट जड, तेव्हा दाबही जवळपास त्याच पटीत जास्त मिळतो. त्याच खर्चात जास्त दाब कुणाला नको?

हा बदलीचा हिशोब अगदी काटेकोर मात्र नाही. मघाची थरथर इथं परत येते. द्रव हायड्रोजनचे रेणू सैल बसलेले असतात, तेवढ्याच रेणूंना ड्युटेरियमपेक्षा सुमारे २० टक्के जास्त जागा लागते. धक्क्यात आत शिरणारी ऊर्जा आकारमानाच्या घटीवर ठरते. सैल बसलेल्याला जास्त घटावं लागतं, म्हणून त्याच दाबाला साध्या हायड्रोजनच्या रेणूमागे साधारण २० टक्के जास्त ऊर्जा शिरते आणि तो जास्त तापतो. दोघांच्या जोड्याही सारख्या घट्ट नसतात: हायड्रोजनची जोडी तोडायला ४.४८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ड्युटेरियमची तोडायला ४.५६. फरक शंभरात दोनचा, पण आहे. रेणूची कंपनंही हायड्रोजनमध्ये १.४ पट वेगवान. म्हणून अचूक उत्तर हवं असेल तर दोघांवर वेगवेगळे प्रयोग करावेच लागतात.

ट्रिटियमवर असे प्रयोग फारसे होत नाहीत, तो किरणोत्सारी आणि फार महाग. तरी सगळ्या धक्क्यांचा मोठा उपयोग जिथं होतो, तिथं तो लागतोच. लिव्हरमोरच्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटी या लेसर केंद्रात हिऱ्याची सुमारे दोन मिलिमीटर व्यासाची पोकळ गोळी असते. तिच्या आतल्या बाजूला ड्युटेरियम आणि ट्रिटियमच्या मिश्रणाचा बर्फाचा थर. १९२ लेसर झोत एका धातूच्या नळीत सोडले जातात, त्यातून क्ष-किरण निघतात आणि गोळी चहूबाजूंनी आत दाबली जाते. ५ डिसेंबर २०२२ रोजी तिथं २.०५ मेगाज्यूल लेसर ऊर्जेतून ३.१५ मेगाज्यूल संलयन ऊर्जा, म्हणजे अणुकेंद्रं एकमेकांत मिसळताना सुटणारी ऊर्जा, निघाली. लेसर चालवायला विजेच्या तारांतून घेतलेली ऊर्जा याच्या कैक पट होती, तेही त्याच दमात सांगायला हवं.

तो बर्फ सुमारे हजारपट दाबावा लागतो. एका धक्क्यात चौपट, मग हजारपट कसा? मामांना मी हे विचारलं तेव्हा ते हसले नाहीत की गोंधळले नाहीत. म्हणाले, "एकाच घणात बसवायला गेलीस तर माल फुटतो बघ. आधी हळू, मग जोरात, दमादमानं ठोकायचं." कारण वेगळं असेल, रीत तीच आहे. लेसरची ताकद पायरीपायरीनं वाढवतात, तीन-चार धक्के एकामागोमाग सोडतात, पहिला बेतानं, पुढचा त्याहून जोरदार. मागचे धक्के वेगवान असतात, पुढच्यांना गाठतात. ते बर्फाच्या आतल्या कडेपाशी जवळपास एकत्र पोचायला हवेत. एखादा लवकर पोचला तर बर्फ नको तेव्हा तापतो आणि मग दाबू म्हटलं तरी दबत नाही. ही वेळ जुळवायला नॅनोसेकंदाच्या छोट्या अंशाची चूकही चालत नाही. तालीम म्हणून गोळीत बर्फाऐवजी द्रव ड्युटेरियम भरतात आणि त्यातून धावणाऱ्या आरशांचे वेग मोजतात.

आणि बर्फाचा थर गुळगुळीत हवा. कुठं उंचवटा असेल, तर दाबताना तो वाढत जातो आणि गोळी वाकडीतिकडी कोसळते. केसाच्या जाडीचा तो थर, उणे २५० अंशांच्याही खाली, बंद गोळीच्या आत. त्याला पॉलिश कोण करणार? ते काम ट्रिटियम स्वतःच करतो. त्याच्या किरणोत्सारातून सतत थोडी ऊब निघते. जिथं बर्फ जाड, तिथं ऊब जास्त, तिथला बर्फ उडून जातो आणि पातळ, थंड जागी जाऊन पुन्हा बसतो. लेसर सुटण्याआधी कितीतरी तास गोळीच्या आत हे काम चाललेलं असतं.